स्क्रीनशॉटआधी डेस्कटॉप रिकामा करणारी स्क्रिप्ट: गरजेची का नसता उद्योग?

उद्यमनगरकर: कारखानदारांना बिलिंगचं सॉफ्टवेअर शिकवायला मी पीडीएफ बनवतो, सगळा खेळ स्क्रीनशॉटचा. माझ्या मॅकच्या डेस्कटॉपवर पार्टीच्या नावानं फाइली पडलेल्या असतात, कुणाची थकबाकी कुणाचं कोटेशन, आणि पीडीएफ व्हॉट्सॅपवर फिरत शिरोली एमआयडीसीत त्याच पार्टीच्या शेजाऱ्याकडं पोचते. म्हणून स्क्रिप्ट, म्हणजे एका दमात चालणाऱ्या कमांडची फाइल, लावलीय. ती फाइंडरचं, म्हणजे मॅकवर फाइली दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं, डेस्कटॉपवर आयकॉन दाखवायचं क्रिएटडेस्कटॉप हे सेटिंग फॉल्स (बंद) करते, फाइंडर रीस्टार्ट करते, शॉट झाले की परत ट्रू (चालू). फाइली जागच्या जागी, फक्त आयकॉन दिसत नाहीत. दुसऱ्याचे हिशेब सांभाळणाऱ्या प्रत्येकानं हे केलंच पाहिजे.

राजारामपुरी११वी: भावा एवढं कशाला? कमांड शिफ्ट ४, मग स्पेसबार, विंडोवर क्लिक, तेवढीच विंडो येते. विंडोजवाल्यांना आल्ट प्रिंटस्क्रीन हाय की.

उद्यमनगरकर: एकच विंडो असेल तर मान्य. पण बिल आणि शेजारी एक्सेलची शीट एकत्र दाखवायची म्हटलं की मधल्या फटीतनं डेस्कटॉप दिसतोयच. आणि आल्ट प्रिंटस्क्रीनला विंडोबाहेर गेलेला मेनू कापला जातो, नेमकं तेच गिऱ्हाइकाला दाखवायचं असतंय.

रंकाळावेस: माझा विरोध वेगळ्या कारणानं. आयकॉन गेले म्हणजे नावं गेली असं नाही. ओपन दाबून डेस्कटॉप फोल्डर उघडा, सगळी यादी नावासकट समोर, रीसेंटमध्ये पण तेच. वर मोठ्या फाइलीची कॉपी चालू असताना रीस्टार्टसाठी फाइंडर बंद पाडला तर ती अर्धवट तुटते. वेगळं यूजर अकाउंट काढा, त्यात फक्त खोट्या नावांचा डेमो डेटा ठेवा, विषय संपला.

शाहूपुरीचा: मॅकओएसच्या सोनोमा आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, मॅकच्या सेटिंगमध्येच डेस्कटॉपवरचं लपवायचा पर्याय आहे. विंडोजला राइट क्लिक, व्ह्यू, शो डेस्कटॉप आयकॉन्सची टिक काढा. स्क्रिप्ट कशाला पाहिजे?

उद्यमनगरकर: कारण हातानं काढायची टिक घाईत राहते, पार्टी फोनवर थांबलेली असते तेव्हा हमखास. रंकाळावेस, ओपनच्या यादीचा मुद्दा पटला, तसले शॉट आता वेगळ्या अकाउंटवरनं काढणार. बाकीच्याला स्क्रिप्टच. कॉपी चालू नाही बघूनच चालवायची, आणि त्यात ट्रॅपची ओळ टाका (स्क्रिप्ट थांबली की ठरलेली कमांड चालवणारी), म्हणजे कंट्रोल सी दाबून मधेच थांबवली तरी आयकॉन परत येतात, नाहीतर ऑफिसातली पोरं फाइली उडाल्या म्हणून घाबरतात.

रंकाळावेस: ट्रॅप टाकाच. पण नवीन माणसाला मी तरी आधी अकाउंटच काढायला सांगणार.