टपाली मतं आधी उघडतात, म्हणजे निकाल फुटतो?

वर कुणीतरी विचारलंय, इंग्लंडात स्थानिक निवडणुकीची टपाली मतं मतदानाच्या आधीच उघडतात, मग निकाल आधीच कळत नाही का? मी या कामाला हंगामी म्हणून दोनदा बसलोय. उघडतात हे खरं, मोजत मात्र नाहीत.

मोठ्या 'बी' पाकिटात दोन गोष्टी येतात: मतपत्रिका असलेलं बंद 'ए' पाकीट आणि सही-जन्मतारखेचं निवेदन. निवेदन स्कॅन होतं, अर्जावेळची सही शेजारी दिसते. इथेच सगळी गंमत. निम्मी डोकेदुखी जन्मतारखेची. लोक चक्क त्या दिवशीची तारीख टाकून मोकळे होतात! मत बाद. दुसरा प्रकार नवरा-बायकोचा: एकाच टेबलावर बसून भरतात आणि पाकिटं अदलाबदल. निवेदनावरचा नंबर मतपत्रिकेच्या नंबराशी जुळत नाही, मग ते बाजूला ठेवायचं आणि जोडीदाराच्या पाकिटाची वाट बघायची.

मतपत्रिका पालथीच ठेवायची. नंबर मागच्या बाजूला छापलेला असतो, त्यामुळे तपासायला पुढची बाजू बघावीच लागत नाही. उमेदवारांचे एजंट समोर उभे असतात, पण अंदाज बांधायला त्यांनाही कायद्याने बंदी. तरी काहींची मान फार लांब होते, असो. मग पेटी सीलबंद. रात्री 10 ला मतदान संपल्यावरच मोजणी, तीही केंद्रांवरच्या मतपत्रिकांत मिसळून. आपल्याकडे विधानसभा-लोकसभेला टपाली मतांची मोजणी आधी सुरू होते आणि त्यावरच चॅनेलवाले 'आघाडी' दाखवायला लागतात. इथे तो प्रकार नाही.