महिनाभर रजा घेणे म्हणजे पळ काढणे आहे का?

रानवाट:
धडगाव तालुक्यात वनजमीन कसणाऱ्यांच्या वनहक्क दाव्यांचे काम करण्यास मला अकरा वर्षे झाली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचे पुरावे जमवायचे, ग्रामसभेचा ठराव घ्यायचा आणि उपविभागीय समितीने दावा फेटाळला की ६० दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागायची, असे हे काम आहे. धमक्यांची सवय झाली, झोप मात्र उडाली. फोन वाजला नसला तरी रात्री दोनला उठून मी तो पाहते. डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली आहे. पण मुदतीतले दावे टाकून कशी जाऊ?

डोमखेडी९९:
ताई, १९९९ च्या पावसाळ्यात मी सरदार सरोवर धरणाविरुद्धच्या डोमखेडीच्या सत्याग्रहात होतो. नर्मदेच्या चढत्या पाण्यात उभे राहणाऱ्यांचे धैर्य सर्वांना दिसले. परंतु वर टेकडीवर भाकरी थापणाऱ्या, गुरे राखणाऱ्या आणि आंदोलनाच्या जीवनशाळेत मुलांना शिकवणाऱ्या माणसांशिवाय ते दोन दिवसही टिकले नसते. सर्वोच्च न्यायालयाच्या १८ ऑक्टोबर २००० च्या निकालाने धरणाची उंची वाढवण्यास परवानगी मिळाली, तेव्हा मी खचलो आणि चार महिने घरी कांदा खुरपत राहिलो. परत कधी येणार, असे कोणीही विचारले नाही. त्या न विचारण्याचे उपकार मी आजही मानतो. मणक्याच्या दुखण्यामुळे बाबा आमट्यांना बसता येत नसे, तरी ते नर्मदाकाठी राहायला आले. त्यांचा दाखला देऊन आम्ही एकमेकांना अंगात ताप असताना मोर्च्याला नेत असू, हा आमचा मूर्खपणा होता.

जुनी परिचारिका:
वरील प्रतिसाद पटला, पण विश्रांतीचा सल्ला देऊन फायली हलत नाहीत. सगळ्या मुदती एकट्या आपल्याच डोक्यात असतील, तर तो संघटनेचा दोष आहे आणि थोडा आपलाही. प्रत्येक फायलीवर शेवटची तारीख ठळक लिहा, गावच्या वनहक्क समितीतील दोघांना ती समजावून द्या आणि मगच निघा. रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर ती मात्र आजपासूनच चुकवू नका.

रानवाट:
काल फायली मोजल्या. चौतीस निघाल्या, त्यांपैकी या महिन्यात मुदत संपणाऱ्या सातच आहेत. समितीतल्या दोन मुलांनी त्या नेल्या. एकाने तर कागदपत्रांच्या जोडणीतली माझी चूकही दाखवली. फोन सहकाऱ्याकडे ठेवून बहिणीकडे आले आहे. रात्री दोनला जाग आलीच, उशाशी हात गेला, फोन नव्हता. मग बराच वेळ छताकडे पाहत पडून राहिले.