नाताळच्या चित्रपटांत भय आणि हसू एकत्र का रुचते?

प्रश्न (दर्यापूर तालुका): नाताळच्या रोषणाईत घडणारे भयविनोदी चित्रपट मला मनापासून आवडतात, परंतु आनंदाच्या सणाला भीतीची जोड का दिली जाते, हे कुणी उलगडून सांगेल का?

उत्तर १: हे नाते जुनेच आहे, इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स यांच्या १८४३ सालच्या नाताळकथेतही भुते येतात. ‘ग्रेमलिन्स’ (१९८४) या चित्रपटात भेट म्हणून आणलेला गोंडस प्राणी भिजताच त्याच्या पाठीतून नवी पिल्ले उडतात आणि मध्यरात्रीनंतर खाल्ल्यावर तीच पिल्ले हिंस्र होतात. लाडाची भेटच उलटते, म्हणून दचकतानाही हसू फुटते.

उत्तर २: डिसेंबरात जागलीला, म्हणजे पिकाच्या रात्रीच्या राखणीला, तुरीच्या धुऱ्यावर शेकोटी पेटवून आजोबा चकव्याची गोष्ट सांगत, तेव्हा रानडुकराची नुसती खसखस ऐकून आम्ही किंचाळत असू आणि लगेच पोट धरून हसत असू.

प्रश्नकर्ता: जागलीची आठवण अगदी नेमकी आहे; आता ‘ग्रेमलिन्स’ मुलांसोबत पाहीन.