प्लाझ्मात पीसी ३६:५ एकाच गटात वाढलंय, खरं मानू का?

लिपिडवाली
एमटीबीई या द्रावकाने लिपिड काढते, मग ते वेगळे करायला हिलिक कॉलम, वस्तुमान मोजायला ऑर्बिट्रॅप, पॉझिटिव्ह मोड, रिझोल्यूशन (जवळची वस्तुमानं वेगळी दाखवायची क्षमता) ७०,०००. रुग्णांच्या गटात पीसी ३६:५ (फॉस्फेटिडिलकोलीन हे लिपिड; मेदाम्लांत मिळून ३६ कार्बन, ५ दुहेरी बंध) बरंच वर, ३६:४ थोडं वर, पण ३४:१ आणि ३४:२ खाली. गाइड म्हणतात, आहारातल्या ईपीएचा (माशांतलं ओमेगा-३ मेदाम्ल) परिणाम. मला पटत नाही, ट्रायग्लिसराइडमध्ये ईपीए वाढल्याचा मागमूस नाही. रुग्णांचं रक्त सायट्रेट ट्यूबमध्ये घेतलंय, निरोगी गटाचं ईडीटीएमध्ये (दोन्ही रक्त गोठू न देणारी रसायनं). संबंध असेल?

आयनमापी
शंका अगदी रास्त आहे, सोडू नका. मला हा सायट्रेट ट्यूबमधल्या सोडियम सायट्रेटचा सोडियम वाटतो. ३४:२ला प्रोटॉनऐवजी सोडियम चिकटला की एम/झेड (वस्तुमान भागिले विद्युतभार) ७८०.५५१, प्रोटॉनवाल्या ३६:५चा ७८०.५५४. हे वेगळे दिसायला तीन लाखांच्या वर रिझोल्यूशन लागतं. तुमचे ७०,००० बहुधा एम/झेड २००चे असतील, ७८०ला त्याचे निम्मेच उरतात. ३४:१ आणि ३६:४ची जोडीही अशीच.

३६:५लाच जास्त फटका का? प्लाझ्मात ३४:२ भरपूर, ३६:५ थोडं. भरपूर असलेल्याचा लहानसा हिस्सा सोडियमकडे वळला तरी थोडं असलेलं दुपटीने फुगतं. त्यात हिलिकवर सगळे पीसी जवळपास एकत्रच उतरतात, म्हणजे वेळेवरूनही ओळख पटत नाही.

मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकात) फॉर्मेट असेल तर निगेटिव्ह मोड लावा. ८२४.५४ (फॉर्मेट चिकटलेलं ३६:५) फोडून ३०१.२२, म्हणजे ईपीएचा तुकडा, दोन्ही गटांत किती येतो ते बघा. आणि एमटीबीईचा वरचा थर उचलताना खालचं पाणी अजिबात येऊ देऊ नका, क्षार त्यातूनच येतात.

नमुनापेटी
सायट्रेट द्रवरूप असतं, ९ भाग रक्ताला १ भाग. प्लाझ्मा साधारण १५–२० टक्के पातळ होतो. इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी ठरावीक मात्रेत टाकलेलं लिपिड) प्लाझ्मा घेतल्यावर पडतं, त्यामुळे ते हा फरक भरून काढत नाही. ३४:१ आणि ३४:२ खाली जाण्यात याचाही वाटा असणार. पण रुग्ण सगळे एका ट्यूबमध्ये आणि निरोगी दुसऱ्या, ही मला जास्त गंभीर गोष्ट वाटते.

लिपिडवाली
निगेटिव्हचा डेटा होताच. ३०१.२२ रुग्णांत वाढलेलं नाही, उलट किंचित कमी. गाइडना दाखवते. पातळपणाचा गुणक लावून गटांची तुलना करता येईल का?

आयनमापी
प्रत्येकाचा हेमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा हिस्सा) माहीत असेल तर पातळपणा दुरुस्त होईल. पण ट्यूबमुळे आयनीकरणात पडलेला फरक आणि आजाराचा परिणाम कोणत्याही गणिताने वेगळे होणार नाहीत. काही जणांचं रक्त दोन्ही ट्यूबमध्ये घेऊन शेजारी चालवा. तोपर्यंत ईपीएबद्दल एक ओळही लिहू नका.