निवृत्तीनंतर शिडाच्या होडीने मुंबई ते कोची : तयारीत आधी काय करावे?

प्रश्न : शीडवेडा (मुंबई)

गेल्या वर्षी मी नोकरीतून निवृत्त झालो. माझ्याकडे ३२ फुटांची, एका डोलकाठीची, फायबरग्लासची शिडाची होडी आहे. ती १९९८ साली बांधलेली असून मी ती जुनी विकत घेतली. आजवर तिचा वापर सुट्टीच्या दिवशी मुंबई बंदरात, फार तर मांडव्यापर्यंत फिरण्यापुरताच झाला आहे. आता पत्नीसह हिवाळ्यात मुंबईहून निघून, वाटेतल्या खाड्यांमध्ये मुक्काम करीत गोव्यापर्यंत आणि तेथून कोचीपर्यंत जाण्याचा बेत आहे. हा हंगाम नीट पार पडला तर पुढल्या वर्षी लक्षद्वीप, आणि जमल्यास त्यानंतर अंदमानमार्गे थायलंड, असे मनात आहे.

यासाठी बारा लाख रुपये बाजूला काढून ठेवले आहेत. खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी करणारे यंत्र, रडार, मोठ्या पडद्याचा चार्टप्लॉटर (सागरी नकाशावर होडीची जागा दाखवणारे यंत्र), लिथियम बॅटऱ्या आणि नवे मुख्य शीड अशी माझी यादी आहे. डोलकाठीच्या तारा चकचकीत दिसतात, मात्र त्या शेवटच्या कधी बदलल्या याची नोंद जुन्या मालकाकडे नव्हती. १८ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होते, पण सुरुवातीला पांढरा धूर सोडते. या रकमेत सगळे बसणार नाही हे उघड आहे. तेव्हा सुरुवात कशापासून करावी आणि खुशाल काय वगळावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर : जुना सर्व्हेयर

तुमची यादी वाचताना पहिली गोष्ट जाणवली ती ही, की तीत पाण्याखालचे काहीच नाही. पावसाळ्यासाठी होडी किनाऱ्यावर ओढलेली असेलच, तर तीच संधी साधून बुडापासून सुरुवात करावी.

इंजिन, संडास आणि मोरी यांच्यासाठी होडीच्या बुडाला जी भोके पाडलेली असतात, त्या प्रत्येकावर सी-कॉक म्हणजे बंद करण्याची झडप असते. या सगळ्या झडपा एकेक करून पूर्ण बंद होतात का, ते हाताने फिरवून पाहावे. नंतर सुरीच्या टोकाने प्रत्येकीचा धातू थोडा खरवडावा. आतून पिवळी चमक दिसली तर ठीक आहे, पण तांबूस, गुलाबी झाक आली आणि धातूचा भुगा पडू लागला, तर पितळेतील जस्त खाऱ्या पाण्याने खाऊन टाकले आहे असे समजावे आणि ती झडप दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता बदलावी. नवी घेताना साध्या पितळेची न घेता ब्राँझची घ्यावी. प्रत्येक झडपेशेजारी तिच्या मापाची लाकडी खुंटी दोरीने बांधून ठेवावी, म्हणजे रबरी नळी निसटली तर अंधारात शोधाशोध करावी लागत नाही. सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी धरून हलवून पाहावा आणि कीलचे (बुडाखालच्या जड पात्याचे) बोल्ट ज्या जागी होडीच्या तळाला मिळतात तेथे गंजाचे ओघळ आहेत का, तेही बघावे.

आता तारांविषयी. स्टेनलेस स्टील चकचकीत दिसते यावर मुळीच जाऊ नये. हा धातू जेथे हवा पोचत नाही आणि खारे पाणी साचून राहते, अशा सांदीत गंजतो, म्हणजे नेमका तारांच्या टोकांवर दाबून बसवलेल्या नळ्यांच्या आत आणि चेनप्लेट (तारा होडीला जखडणाऱ्या धातूच्या पट्ट्या) जेथे डेकमधून खाली उतरतात तेथे. कापसाचा बोळा तारेवरून खालून वर फिरवला की तुटलेला पदर त्याचे तंतू धरून ठेवतो. टोकाच्या नळ्यांवर केसाएवढी चीर असली तरी ती भिंगातून दिसते. चेनप्लेट मात्र एखादी काढूनच पाहावी लागते, कारण वरच्या आणि खालच्या भागावर डाग नसताना मधला, डेकच्या जाडीतला भाग अर्धा झालेला असू शकतो. अशा तारा दहा ते बारा वर्षांनी बदलाव्यात असा सर्वसाधारण दंडक आहे. नोंद नसेल तर त्या जुन्याच आहेत असे धरून सगळ्या एकदम बदलाव्यात. तुमच्या बारा लाखांतला पहिला मोठा खर्च हाच असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डोलकाठी पडलीच तर तारा कापून ती मोकळी करावी लागते, नाहीतर लाटेबरोबर ती होडीच्याच अंगावर आदळत राहते. म्हणून मोठा बोल्ट-कटर हाताशी असावा.

इंजिन उलगडण्याची घाई करू नये. थंड इंजिनाचा पांढरा धूर थोड्या वेळात विरत असेल तर फारसे बिघडत नाही. गरम झाल्यावरही तो राहिला तर समुद्राच्या पाण्याचा पंप, त्याचा इम्पेलर (आतले फिरते रबरी चक्र) आणि एक्झॉस्टचा एल्बो (धूर बाहेर नेणाऱ्या नळीचे वळण) तपासावा. त्यापेक्षा डिझेलची टाकी उघडून आतून पुसून घेणे अधिक महत्त्वाचे आहे. बंदरात वर्षानुवर्षे तळाशी बसलेला गाळ खऱ्या लाटांत ढवळला जातो आणि इंजिनाची सर्वांत जास्त गरज असते त्याच वेळी फिल्टर तुंबवतो.

नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांची 'म्हादेई' ही शिडाची नौका फेब्रुवारी २००९ मध्ये गोव्यात तयार झाली आणि ते एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला मुंबईहून निघाले ते १९ ऑगस्टला. नवी कोरी नौका, पाठीशी नौदल आणि बांधणीपासून तिच्याशी परिचय असूनही मधले महिने चाचण्यांसाठी ठेवले होते. तुमची होडी तर पंचविशी ओलांडलेली आहे.

उत्तर : खाडीकाठचा (देवगड)

वरील सर्व मान्य आहे. मी किनाऱ्यापुरते लिहितो.

निघण्याची वेळ आधी ठरवा. पाऊस सरला म्हणजे समुद्र मोकळा झाला, असे कोकणात कोणी म्हणत नाही. 'फयान' चक्रीवादळ नोव्हेंबर २००९ मध्ये आले होते आणि 'क्यार' ऑक्टोबर २०१९ मध्ये. उन्हाळ्याच्या टोकाला 'तौक्ते' मे २०२१ मध्ये, तर 'निसर्ग' जून २०२० च्या पहिल्याच आठवड्यात आले. म्हणून डिसेंबरच्या मध्यानंतर निघावे आणि एप्रिल संपण्यापूर्वी होडी जेथे पावसाळा काढायचा तेथे पोचलेली असावी.

त्या दिवसांत रात्री उशिरापासून सकाळपर्यंत जमिनीवरून मतलई वारा येतो, मग तास-दोन तास सगळे स्तब्ध होते आणि दुपारनंतर वायव्येचा खारा वारा जोर धरतो. पहाटे मतलईवर नांगर उचलून दुपारच्या वाऱ्याने पुढच्या खाडीत शिरणे, हा दक्षिणेकडे जाण्याचा सोपा मार्ग आहे. अडचण परतताना येते, कारण उतरताना जो वारा पाठीशी असतो तोच मार्च-एप्रिलमध्ये अधिक जोराने नाकासमोर येतो आणि आखूड, उभ्या लाटांत ३२ फुटांची होडी जागच्या जागी आपटत राहते. मुंबई ते गोवा हे अंतर सव्वादोनशे सागरी मैलांच्या आसपास आहे. परतीला त्याच अंतरासाठी दुपटीहून अधिक दिवस धरावेत. नाहीतर परतूच नये. गोव्यात नदीकाठच्या एखाद्या गोदीत होडी वर ओढावी किंवा कोचीला बोळगाट्टी बेटावरच्या मरीनात ठेवून रेल्वेने घरी यावे.

मुक्कामासाठी मुरूड-जंजिरा, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग आणि देवगड ही ठिकाणे आहेत. विजयदुर्गाच्या आत वाघोटण खाडीत जो आसरा मिळतो, तो पाहिला की आंग्र्यांनी आरमारासाठी हीच जागा का धरून ठेवली, हे वेगळे सांगावे लागत नाही. मालवणला मात्र सिंधुदुर्गाच्या आसपास पाण्याखाली खडकच खडक आहेत. तेथे नकाशा कितीही स्वच्छ दिसला तरी स्थानिक तांडेलाला (होडीच्या मुख्य नावाड्याला) सोबत घेतल्याशिवाय आत शिरू नये. कोणत्याही खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असतोच आणि तो पावसागणिक सरकतो, म्हणून चढत्या भरतीलाच आत यावे. ओहोटीचे पाणी आणि समोरचा दुपारचा वारा यांची गाठ पडली की तोंडाशी लाटा फुटतात.

नांगराचा हिशेब मुंबईतली मंडळी हमखास चुकवतात. उधाणाला मुंबई-रायगडच्या पट्ट्यात पाणी चार मीटरहून अधिक चढते. मालवण-गोव्याकडे याच्या निम्मे आणि कोचीला मीटरभरही नाही. ओहोटीच्या वेळी चार मीटर पाण्यात नांगर टाकला, भरतीचे चार मीटर आणि नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) उंची एक मीटर धरली, तर खोली नऊ मीटर होते आणि पाचपट म्हणजे पंचेचाळीस मीटर साखळी सोडावी लागते. वारा वाढला तर सातपट. म्हणून १० मिलिमीटरची साठ मीटर साखळी, होडीच्या मापापेक्षा एक आकडा मोठा नांगर आणि दुसरा वेगळ्या जातीचा राखीव, एवढे घ्या. आमच्या खाड्यांचा तळ चिखलाचा आहे, त्यात हलका नांगर नुसता ओढला जातो.

यादीतले पाणी करणारे यंत्र या हंगामापुरते निश्चित वगळा. खाडीच्या गढूळ पाण्याने त्याची गाळणी तुंबतात आणि स्वच्छ खोल समुद्रात तुम्ही सलग फारसे असणारच नाही. गोडे पाणी प्रत्येक बंदरावर मिळते, फक्त ते कॅनने वाहून आणावे लागते. रडारऐवजी एआयएस (जहाजांनी रेडिओवरून पाठवलेली स्वतःची ओळख व जागा दाखवणारे यंत्र) बसवा. मोठी जहाजे त्यावर दिसतील, पण लहान मासेमारी होड्या दिसतीलच असे नाही. जाळ्यांसाठी तर कोणतेच यंत्र उपयोगी नाही. उत्तरेकडे डोल जाळ्यांचे खुंट आणि दक्षिणेकडे तरंगती लांब जाळी, यांच्यामुळे रात्री इंजिनावर चालणे टाळावे. पंख्यात जाळे अडकले तर गिअर ताबडतोब न्यूट्रल करावा. पाण्यात उतरण्यासाठी चष्मा आणि दातेरी सुरी जवळ असू द्यावी. आणि जाळे ज्याचे असेल त्याला त्याचे मोल चुकते करावे, कारण ते त्याचे पोट आहे.

कागदपत्रांच्या मूळ प्रती बरोबर असाव्यात. महाराष्ट्रात मेरीटाइम बोर्डाचे बंदर अधिकारी आणि गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सचे कार्यालय यांना आधी कळवून ठेवलेले बरे. कारवारच्या नौदल तळापासून अंतर ठेवून जावे. लक्षद्वीपला भारतीयांनाही प्रवेशाचा परवाना लागतो, तो आधीच काढावा. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आणि सागरी रेडिओची (व्हीएचएफ) वाहिनी १६, हे दोन्ही रेडिओशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून लावावे.

शीडवेडा

दोघांचेही मनापासून आभार. पाण्याचे यंत्र आणि रडार यादीतून काढले. तारा आणि चेनप्लेट वर घेतल्या. आणखी एक विचारतो. पत्नीला समुद्राची भीती नाही, पण होडी चालवणे तिने कधी मनावर घेतलेले नाही. मला मधुमेह आहे, तो नियंत्रणात आहे. दोघांच्याच बळावर जाणे योग्य आहे का, की एखादा खलाशी कायम बरोबर घ्यावा?

उत्तर : ऑकलंडकर

मी आणि माझे यजमान दोघेही निवृत्त आहोत आणि येथून फिजी-टोंगाकडे होडीने जातो, म्हणून हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटला. न्यूझीलंडमध्ये नोंदलेली होडी परदेशी न्यायची तर आधी तपासनीस येऊन होडीची आणि माणसांचीही पाहणी करतो. सुकाणू निकामी झाले तर होडी कशाने वळवणार, वादळी शिडे कोठे आहेत, आणि नवरा पाण्यात पडला तर बायको काय करणार, हे तो विचारतो. भारतात अशी तपासणी तुम्हाला कोणी सक्तीने करायला लावणार नाही, तेव्हा ती स्वतःच घ्या.

खलाशी घ्यावा की नाही, याचे उत्तर वहिनींनी एकट्याने चार गोष्टी करून पाहिल्यावरच मिळेल : इंजिन सुरू करणे, शीड उतरवणे, नांगर टाकणे आणि रेडिओवरून आपले अक्षांश-रेखांश सांगून मदत मागणे. हे शिकवण्याचे काम तुम्ही करू नका. नवऱ्याने बायकोला होडी शिकवायला घेतली की दोघांचाही आवाज चढतो. एखाद्या सेलिंग क्लबच्या प्रशिक्षकाकडे त्यांना पाठवा. शीड वर चढवायला दोराच्या विंचला (दोर ओढण्याच्या चरकाला) लांब दांडा बसवा आणि रीफ घेण्याचे, म्हणजे शीड आखडण्याचे, सर्व दोर कॉकपिटपर्यंत आणून घ्या, म्हणजे डोलकाठीपाशी जाण्याची गरजच उरत नाही. वाऱ्याचा जोर वाढेल असे वाटताक्षणी शीड आखडावे, वाढल्यावर नव्हे. साठीनंतर गुडघे आणि खांदे दगा देतात, त्यामुळे ओली माणसे पाण्यातून वर कशी काढायची, याची शिडी आणि कप्पी आधीच बसवून सराव करावा. बाहेर असताना सुरक्षा-पट्टा कायम होडीला अडकवलेला असावा, मग समुद्र कितीही शांत असो.

मधुमेहाविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलून औषधांचा पुरेसा साठा दोन वेगवेगळ्या कोरड्या डब्यांत ठेवा. इन्सुलिन असेल तर तुमच्या फ्रिजचा प्रश्न हा चैनीचा राहत नाही, तो बॅटरीच्या हिशेबात सर्वांत वर येतो. साखर उतरल्यास काय द्यायचे, हे वहिनींना ठाऊक असेलच. ते पहाऱ्याच्या जागी खिशात ठेवावे. मळमळीमुळे जेवण चुकते आणि गोळी मात्र घेतली जाते, असे समुद्रावर सहज घडते.

दोघांतच रात्रीचा प्रवास करायचा तर तीन-तीन तासांच्या पाळ्या आम्हाला मानवतात. पण तुमच्या मार्गावर बहुतेक टप्पे दिवसाउजेडी संपणारे दिसतात. कोकणच्या टप्प्यापुरता एखादा अनुभवी स्थानिक सोबत घेऊन गोव्यापुढे दोघांनी जावे, असे मला वाटते.

उत्तर : बारा व्होल्ट

फ्रिजचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. लिथियम यादीतून घाईने काढू नका. पण ती नुसती जुन्याच्या जागी बसवण्याची वस्तू नाही. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याहून खाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे २०० अँपिअर-तासांतले १०० च तुमचे. लिथियममधून ऐंशी टक्क्यांपर्यंत निश्चिंतपणे घेता येते. मात्र ती चार्ज होताना मागेल तितका विद्युतप्रवाह ओढते आणि तुमच्या लहान इंजिनाचा अल्टरनेटर तापून जळू शकतो. म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर (प्रवाहाला मर्यादा घालणारा) हवाच, आणि इंजिन सुरू करण्याची बॅटरी वेगळी, लेड-अॅसिडचीच ठेवावी.

लहान फ्रिज, एलईडी दिवे, चार्टप्लॉटर, रेडिओ आणि काही तास ऑटोपायलट मिळून दिवसाला ८० ते १०० अँपिअर-तास सहज लागतात. ३०० वॅटचे सौर पॅनेल हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात, त्यावर शिडाची वा बूमची (शिडाखालच्या आडव्या दांड्याची) सावली पडत नसेल तर, जवळपास तेवढे देते. सावली ही खरी अडचण आहे. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन फार घटते. म्हणून मागच्या बाजूला पोलादी कमान उभारून पॅनेल त्यावर बसवावे. डोलकाठीच्या तारा आणि चेनप्लेट यांचे पैसे देऊन झाल्यावर रक्कम उरली तर लिथियम घ्या. नसेल तर चांगल्या एजीएम (बंदिस्त लेड-अॅसिड) बॅटऱ्यांवर कोची गाठता येते. दोन्हींत वायरिंगसाठी कथील चढवलेली समुद्री तांब्याची तारच वापरा आणि प्रत्येक बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज बसवा. सध्या तेथे फ्यूज आहे का, ते या रविवारी झाकण उघडून पाहा.