पावसाळ्यात घरातल्या कासवाच्या पेटीचं तापमान किती असावं? (गुहागर)

खालची_आळी:
नमस्कार मंडळी. थोरल्या दिरांचा मुलगा नोकरीसाठी मस्कतला गेला आणि जाताना त्याचं सुलकाटा जातीचं कासव आमच्या ओटीत घालून गेला. वीतभर आहे, नाव भीमा. पुण्यात फ्लॅटमध्ये तो मजेत असायचा म्हणे. आमचं घर जांभ्याच्या चिऱ्यांचं, वर कौलं, खाली कोबा. आषाढ लागल्यापासून भिंतीला हात टेकला की ओला होतो, मिठाला पाणी सुटलंय, नि भीमा डोकं आत घेऊन कोपऱ्यात. सकाळी अकरा वाजले तरी हलत नाही. जास्वंदीचं फूल म्हणजे त्याचा जीव की प्राण, पण परवा नाकापुढे धरलं तरी डोळा उघडला नाही.

पेटी लाकडी आहे, चार फूट बाय दोन, माजघरात ठेवली आहे. वर 60 वॉटचा पिवळा बल्ब, तो दिवसा चालू. आत चिकटवलेली थर्मामीटरची पट्टी 28 दाखवते. पुतण्या फोनवर सांगतो, 28 म्हणजे झकास. सासूबाई म्हणतात, पावसाळ्यात जनावरं निजतातच, निजू दे त्याला. मला दोघांचंही पटत नाही. रात्री बल्ब ठेवू का? एवढा दमटपणा बाधेल का? आणि लाईट गेली तर काय करायचं? इथे वारा सुटला की लाईट गेलीच म्हणून समजा.

फिटिंगवाला_रत्नागिरी:
ताई, आधी ती पट्टी विसरा. ती जिथे चिकटवली आहे त्या फळीचं तापमान सांगते, आणि भीमा काही फळीवर चढून बसत नाही. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या, फ्रीज दुरुस्त करणारे वापरतात तो. महाग नसतो, दोन घ्या. एकाचा सेन्सर बल्बच्या बरोबर खाली, कासवाच्या पाठीच्या उंचीला. दुसरा पेटीच्या पार दुसऱ्या टोकाला, मातीलगत. बल्बखाली 35 ते 38 हवं, लांबच्या टोकाला 26-27. रात्री 25-26 च्या खाली नको, हवेत एवढी ओल असताना तर नकोच.

कासवाला अंगची ऊब नसते. तापायचं असलं की ते उन्हात येतं, पुरे झालं की सावलीला जातं. सगळ्या पेटीत सारखं 28 असेल तर बिचाऱ्याने जायचं कुठे?

सासूबाईंचं म्हणणं सगळंच चूक नाही, रशियन कासवासारख्या काही जाती थंडीत खरंच झोपून राहतात. सुलकाटा मात्र सहाराच्या दक्षिणेकडचा, सेनेगलपासून पार इथिओपियापर्यंतचा. त्याला अशी झोप ठाऊक नाही. तो न हलता पडलाय म्हणजे गारठलाय.

दमटपणाचं एवढं मनावर घेऊ नका. तिकडेही ही कासवं बिळं खणून राहतात आणि बिळात ओल असतेच. उलट लहानपणी फार कोरडं पडलं तर पाठीवर उंचवटे येतात. घात होतो तो ओल आणि गारवा एकत्र आला की. छाती भरते.

रात्री उजेड नको, सिरॅमिक हीटर लावा. तो बल्बच्याच होल्डरमध्ये बसतो, उजेड देत नाही, नुसता तापतो. होल्डर चिनीमातीचाच घ्या, प्लास्टिकचा वितळतो. साखळीने टांगा, वायरवर लोंबकळत ठेवू नका. भोवती जाळी हवी. थर्मोस्टॅट अंडी उबवायच्या मशीनला लावतात तो चालतो. तो हीटर सारखा चालू-बंद करतो, सिरॅमिकला त्याने काही होत नाही, पण दिव्याला लावलात तर दिवसभर उघडझाप बघत बसाल. आणि त्याचा सेन्सर पक्का बांधा. कासवाने ओढून पेटीबाहेर पाडला की थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे, नि हीटर बंदच होत नाही. घर ओलं आहे, तेव्हा त्या लाइनवर 30 मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच, बसवून घ्या. पैसे वाचवायची जागा ही नव्हे.

खालून तापणारा दगड किंवा गादी कोणी गळ्यात मारायला आलं तर नको म्हणा. रानात ऊन वरून येतं. खालून चटका बसतोय हे कासवाला वेळेत कळत नाही, पोटाकडचं कवच भाजतं.

मालवणी_आजी:
बाय गो, आधी एक सांग, सुलकाटाच मां तो? पाठीर पिवळी चांदणी असली तर ता तारा कासव, आणि ता घरात ठेवूक कायद्यान बंदी आसा. तसा असला तर 1926 वर वनखात्याक फोन कर. गुपचूप व्हाळात नेऊन सोडू नको.

लाईट जाता म्हणान घाबरा नको. मासळीवाल्याकडसून थर्माकोलचो खोको माग, त्येचे पट्टे कापून पेटीक भायरसून तीन बाजून लाव. आतसून नको, कासव कुरतडता आणि ता पोटात अडाकता. बाटलेत गरम पाणी भर, फडक्यात गुंडाळ आणि एका कोनाक ठेव.

खालची_आळी:
आजी, सुलकाटाच आहे. वाळूच्या रंगाची पाठ, चांदणी कुठेच नाही. पुतण्याने नोंदणीचा कागदही दिलाय.

फिटिंगवाले दादा, दोन थर्मामीटर आणले. दुपारी बल्बखाली 31, लांबच्या टोकाला 24.5. पहाटे पाचला उठून बघितलं तर 23.8, आणि पट्टी तेव्हाही 27 वर ठाण मांडून! बल्ब 100 चा केला, टांगायची उंची वरखाली करत 36 वर आणला. सिरॅमिक चिपळूणला मिळाला नाही, मागवलाय. थर्माकोलचे पट्टे आजच लावले. घरभर सुरमईचा वास आहे, पण भीमाची तक्रार नाही.

एक विचारायचं राहिलं. काल त्याच्या नाकाशी पाण्याचा फुगा दिसला. काळजीचं आहे का?

दापोली_पशुवैद्यक:
पाणी पिऊन वर आल्यावर एखादा फुगा दिसला तर चालतं. पण फुगे वारंवार येतात का, मान लांब करून तोंड उघडं ठेवून श्वास घेतो का, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो का, ते बघा. यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय आणि माणसांची औषधं दोन्ही नकोत, एक्स-रे काढावा लागतो. आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत गाईगुरांचीच सवय. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, निघण्यापूर्वी फोन करून विचारा. इंजेक्शन जवळच घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना पुढच्या पायात द्या म्हणावं. मागच्या पायातलं रक्त मूत्रपिंडाकडून जाऊ शकतं.

तोवर रात्रीही 28 च्या खाली येऊ देऊ नका. अंग गार असताना खाऊ घालू नका, पचत नाही, पोटात आंबतं. आधी तासभर तापू दे, मग जास्वंद. रोज पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात बसवा, पाणी कवचाच्या खालच्या काठापर्यंतच, आणि पुसून कोरडा करूनच पेटीत सोडा.

अजून एक, पिवळ्या बल्बमधून ऊब मिळते, उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण मिळत नाहीत. ते नसतील तर कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. पेटी खिडकीशी सरकवून भागणार नाही, काच हे किरण अडवते. पावसासाठी पडवीला लावलेलं प्लास्टिकही त्या कामी भरवशाचं नाही. वेगळी यूव्हीबी ट्यूब लावा आणि खोक्यावर लिहिलेल्या मुदतीनंतर बदला. ती पेटताना दिसते म्हणून किरण येत असतीलच असं नाही.

नोंदणी पुतण्याच्या नावावर असेल तर आता कासव तुमच्याकडे आहे हे केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवर कळवायला सांगा. 2022 च्या वन्यजीव कायदादुरुस्तीनंतर साइटिसच्या (वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतले परदेशी प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली, त्याचे नियम 2024 मध्ये आले.

खालची_आळी:
शिट्टी नाही, तोंडही मिटलेलं आहे. काल पाण्यातून काढल्यावरच फुगा आला होता. आज नऊलाच बल्बखाली येऊन पाय पसरून बसला, आणि दोन जास्वंदी खाल्ल्या. सासूबाईंनीच भरवल्या.

दादा, सिरॅमिक आला की इन्व्हर्टरवर चालेल ना? आणि मे महिन्यात काय करू? तेव्हा माजघरातही घामाच्या धारा असतात.

फिटिंगवाला_रत्नागिरी:
सिरॅमिक 100 वॉटचाच घेतलात ना? मग 150 एएचची बॅटरी चांगल्या स्थितीत असेल तर रात्रीचे सात-आठ तास निघतील, पण पंखे बंद ठेवून. पंखे हवेच असतील तर त्या रात्रीपुरत्या आजींच्या बाटल्या.

मे महिन्यात हाच 100 चा बल्ब ठेवलात तर खाली 42-43 जाईल, तो जिवावरचा धोका. तेव्हा 40 वॉटचा लावा, किंवा दुपारी बंदच. लांबच्या टोकाला ओल्या मातीत पालथी अर्धी मडकी पुरून बीळ करून द्या, थर्माकोल काढून टाका. भीमा वाढतोय हेही ध्यानात असू दे. ही जात पुढे पाऊण मीटरपर्यंत जाते, काही त्याहून मोठी. चार बाय दोनची पेटी फार वर्षं पुरणार नाही. मागील दारी गोठा रिकामा असेल तर त्याचं वायरिंग पाऊस उघडला की दाखवा, सिरॅमिक तिथे कुठे टांगायचा ते बघून सांगतो.