वापरलेल्या कॉपर स्लॅगचं काय करावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गोव्यात जुवारीकाठच्या एका छोट्या यार्डात मी बार्ज दुरुस्तीचं काम बघतो. तळाचा गंज आणि जुना रंग काढायला आम्ही कॉपर स्लॅग, म्हणजे तांबं गाळताना उरणाऱ्या मळीचे धारदार दाणे, हवेच्या दाबाने मारतो. एकदा आपटला की दाणा फुटतो, धार जाते, त्यामुळे प्रत्येक बार्जमागे काळ्या ग्रिटचा नवा ढीग साचतो. ताडपत्री घातलीय, पण पावसाळा तोंडावर आहे आणि ढिगातून झिरपलेलं पाणी नदीत उतरेल याची मला खरंच काळजी वाटते. समोर लोक तिसऱ्या (खायच्या शिंपल्या) काढतात.

कोरा स्लॅग काँक्रीटमध्ये वाळूऐवजी ठरावीक प्रमाणात चालतो, काँक्रीटच्या वाळू-खडीचं भारतीय मानक आयएस ३८३ (२०१६) मध्ये तशी सोय आहे. आमच्या ढिगात मात्र रंगाची पूड मिसळलीय. तळाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून लावतात त्या अँटिफाउलिंग रंगात क्युप्रस ऑक्साइड हे तांब्याचं संयुग असतं. जुन्या थरांत शिसं किंवा टीबीटी (ट्रायब्युटिलटिन, कथिलाचं विषारी संयुग) निघू शकतं. म्हणून पेव्हर ब्लॉकवाला फुकट न्यायला तयार असूनही मी थांबवलंय. मुलं ज्यावर खेळणार त्यात हे नको.

कुणी असा माल सिमेंट कारखान्याला दिलाय का? त्यात लोह भरपूर, म्हणून भट्टीत खपतो असं वाचलंय. त्यांनी टीसीएलपीशिवाय (मालातून विषारी द्रव्यं किती झिरपतात ते बघणारी चाचणी) आणखी कुठल्या चाचण्या मागितल्या, आणि किमान किती टन लागला? रंगाची पूड चाळून वेगळी करता येते का?

स्लॅगऐवजी गार्नेट (एका कठीण खनिजाचे दाणे) मारला तर तो तीन-चारदा फिरवता येतो, पण उघड्या स्लिपवेवर (बार्ज ओढून घ्यायच्या उतारावर) तो गोळा कसा करता, तेही सांगा. मालकांपुढे मला ठोस काहीतरी ठेवायचं आहे.